एक डोळा मिटून पाहा!

नाकासमोर बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट जागचे सरकल्यासारखे वाटते ना? दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असते, म्हणून प्रत्येकाला चित्र किंचित वेगळे दिसते. अशा दोन चित्रांच्या मेळातून खोलीचा भास होतो, हे चार्ल्स व्हीटस्टन याने १८३८ साली दाखवले. आभासी वास्तवाचा हेडसेट नेमके हेच करतो.

संगणकावरचे पुष्कळ खेळ मात्र सपाट पडद्यासाठी लिहिलेले असतात. ‘व्हॉर्पएक्स’, ‘यूईव्हीआर’ यांसारखे प्रोग्रॅम अशा खेळांकडून दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे काढून घेतात आणि इथेच घोटाळे होतात.

समजा, खेळताना डोळे शिणले. लगेच सगळी सेटिंग्ज बदलत सुटू नका. आधी एक डोळा मिटा. त्रास थांबला, तर दोन चित्रांचा मेळ बिघडला आहे. सावली एकाच डोळ्याला दिसते का? मग खेळातल्या सावल्या बंद करून पाहा. माणसे बाहुल्यांएवढी दिसतात? दोन कॅमेऱ्यांतले अंतर जास्त झाले आहे, ते कमी करा.

एक डोळा मिटूनही, मान वळवताच जग मागे रेंगाळते का? मग दोष बहुधा वेळेचा. सेकंदाला ९० चित्रे हवीत, तर एका वेळेसाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रे काढायची! चित्राची स्पष्टता थोडी उतरवा. मळमळू लागले, तर मात्र हेडसेट तत्काळ काढा. ‘होईल सवय’ म्हणून मी एकदा रेटले आणि रात्री जेवण गेले नाही.