रोपवाटिकांतील एकात्मिक कीड-रोग नियंत्रण

रोपवाटिका व हरितगृहे यांतील किडी व रोग मशागतीय, यांत्रिक, जैविक व रासायनिक उपायांचा मेळ घालून आर्थिक नुकसानीच्या पातळीखाली ठेवण्याची पद्धत. तिची तात्त्विक मांडणी कॅलिफोर्नियातील कीटकशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये केली.

पालघर, बोईसर-तारापूर व डहाणू या किनारपट्टीत चिकू हे महत्त्वाचे फळझाड असून डहाणू-घोलवड चिकूस 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. चिकूची कलमे खिरणीच्या रोपांवर बांधतात. खिरणी सावकाश वाढत असल्याने रोप दगावल्यास दीर्घकाळचे श्रम वाया जातात. रोगट कलम विकले गेल्यास रोग थेट बागेत पोहोचतो.

पावसाळी दमट हवेत पिथियम, फायटोप्थोरा व रायझोक्टोनिया यांच्यामुळे कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात. प्रतिबंधासाठी उन्हाळ्यात ओलवलेले वाफे पारदर्शक प्लॅस्टिकने 4 ते 6 आठवडे झाकून तापवितात, पाण्याचा निचरा राखतात व मातीत ट्रायकोडर्मा मिसळतात. हरितगृहात पांढऱ्या माशीसाठी पिवळे, तर फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावतात. त्यांतील किडींच्या संख्येवरून पुढील उपाय ठरवितात. कीटकनाशक अखेरीस व आवश्यक तेवढेच वापरतात. कारण त्याने मित्रकीटकही मरतात आणि बंदिस्त हवेत फवारणी करणाऱ्या मजुरांस विषबाधेचा धोका अधिक असतो.