शाळेच्या आवारातील ठेंगणा आंबा

आपल्या शहापूर व मुरबाड तालुक्यांतील पुष्कळ शाळांचे आवार लहान आहे. हापूसच्या विस्तारास तेथे जागा नाही. अशा ठिकाणी दशेरी व नीलम यांच्या संकरातून निघालेली 'आम्रपाली' ही ठेंगणी जात लावावी. दोन झाडांत अडीच मीटर अंतर पुरते. पावसाच्या आरंभी कलम लावावे. जोड मातीच्या वर ठेवावा, जोडाखालील फुटवे खुडावेत व पहिली तीन वर्षे मोहोर काढून टाकावा.

खरी कसोटी उन्हाळी सुट्टीत लागते. ज्या भातसा-तानशाचे पाणी मुंबईस जाते, त्याच मुलखात वैशाखात विहिरी आटतात आणि शाळेस कुलूप असते. यास्तव सुट्टीपूर्वीच मुलांना पाण्याच्या पाळ्या वाटून द्याव्यात. भांडी विसळलेले पाणीही चालते. आळ्यात भाताच्या पेंढ्याचे आच्छादन करावे. शिक्षकबंधुभगिनींनी लावलेल्या रोपांबरोबर जगलेल्या रोपांचीही नोंद ठेवावी.