'मेन'च्या पलीकडे

सप्टेंबर २००८ मध्ये अँड्रॉइडची पहिली आवृत्ती आली, तेव्हा आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून जावा शिकलेली मुलं दरवर्षी बाहेर पडत होती. त्याआधी सी झालेली असायची, अनेकांची नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर. अँड्रॉइडचं ॲपही जावातच लिहायचं, म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच, असं सगळ्यांना वाटायचं.

पहिलाच प्रश्न ठरलेला असे: "सर, यात मेन कुठेय?" जावाच्या प्रोग्रॅमची सुरुवात 'मेन'पासून होते, पुढचा क्रम आपण ठरवतो. अँड्रॉइडमध्ये ते सूत्र सिस्टिमकडे जातं. ती ठरवेल तेव्हा 'ऑनक्रिएट' बोलावते, फोन आला की 'ऑनपॉज', मेमरी कमी पडली तर सगळी प्रोसेसच बंद करते. आपण फक्त प्रत्येक हाकेला काय करायचं ते लिहून ठेवायचं. माझ्या मते भाषेकडून प्लॅटफॉर्मकडे जाताना खरी अडचण इथेच होती. सिंटॅक्स, एक्सएमएल, एक्लिप्सचं रडतखडत चालणं, हे सगळं त्यापुढे किरकोळ.

हे समजावायला मी एक बटण आणि एक आकडा एवढंच ॲप घ्यायचो. बटण दाबलं की आकडा एकने वाढतो. सातपर्यंत न्यायचा आणि फोन आडवा करायचा. आकडा शून्य! कोडमध्ये चूक एकही नसते. स्क्रीन फिरली की सिस्टिम जुनी ॲक्टिव्हिटी मोडून नवी उभारते आणि जुन्या ऑब्जेक्टमधला आकडा त्याच्याबरोबर जातो. क्लास आणि ऑब्जेक्ट तोंडपाठ असलेली मुलंही इथे गप्प व्हायची. 'ऑनसेव्हइन्स्टन्सस्टेट'मध्ये तो आकडा जपायला शिकली, की मगच ती खऱ्या अर्थाने अँड्रॉइड शिकू लागायची.

पुढच्या वर्षांत साधनं भराभर बदलली. २०११ च्या अँड्रॉइड ३.० पासून मुख्य थ्रेडवर नेटवर्कचं काम केलं की ॲप एक्सेप्शन देऊन थांबू लागलं, म्हणून सगळे असिंकटास्क शिकले. २०२० मध्ये तेही कालबाह्य ठरलं. डिसेंबर २०१४ मध्ये अँड्रॉइड स्टुडिओची पहिली स्थिर आवृत्ती आली, एक्लिप्स मागे पडलं. २०१७ मध्ये गुगलने कोटलिनला अधिकृत पाठिंबा दिला, त्याच वर्षी व्ह्यूमॉडेल आलं. २०२१ मध्ये जेटपॅक कंपोज १.० आलं आणि लेआउटच्या एक्सएमएल फाइल लिहिण्याची गरजही कमी झाली. ज्यांनी नुसते क्लासेस आणि मेथड पाठ केल्या होत्या, त्यांना दर वेळी श्रीगणेशा करावा लागला.

अभ्यासक्रमात मात्र आजही पहिलं प्रात्यक्षिक बहुधा 'हॅलो वर्ल्ड'चंच असतं. ते त्या आकड्याच्या ॲपचं असावं, असं मला मनापासून वाटतं. कंपोजमध्येसुद्धा नुसत्या 'रिमेंबर'ने ठेवलेला आकडा फोन आडवा केला की जातोच. तिथे 'रिमेंबरसेव्हेबल' लागतं.