खेळ एकाचा, प्रवाह हजारांचे

आपल्या खारेपाटण-कणकवली भागातल्या जत्रांतला दशावतार तुम्ही पाहिलाच असेल. समोर शंभर माणसे बसली काय किंवा पाचशे बसली काय, दिव्यांचा नि पेटी-मृदंगवाल्यांचा खर्च तेवढाच. आकाशवाणीचेही तसेच. मनोरा एकदा लहरी सोडतो. त्या किती रेडिओ पकडतात, याचा त्याच्या विजेच्या बिलाशी संबंध नसतो. परंतु तुमच्यापैकी पुष्कळजण मोबाईलवर दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ गेम थेट पाहतात ना, तेथला हिशेब वेगळा आहे.

खेळाडूच्या यंत्रातून निघालेले चित्र कंपनीच्या संगणकांकडे जाते आणि तेथून प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह सुटतो. बऱ्यापैकी स्पष्ट चित्रासाठी सेकंदाला ३० लाख बिट लागतात असे धरू. त्याला ३६०० ने गुणा, ८ ने भागा. तासाला १३५ कोटी बाइट, म्हणजे १.३५ जीबी! दिवसाला दीड जीबीचा पॅक तासाभरात जवळजवळ संपला. ही झाली तुमची बाजू. दहा हजार प्रेक्षक असले, तर कंपनीला सेकंदाला ३००० कोटी बिट पाठवावे लागतात.

ट्विच ही या धंद्यातली नामांकित अमेरिकन कंपनी. २०११ मध्ये ती सुरू झाली आणि २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉनने ती सुमारे ९७ कोटी डॉलरना घेतली. दक्षिण कोरियात गेमचे वेड मोठे. तेथे तिने २०२२ मध्ये चित्राची सुस्पष्टता उतरवून पाहिली. तरीही जाळे वापरण्याचे शुल्क परवडेना. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने तेथून गाशा गुंडाळला. प्रेक्षक होते, पैसे पुरत नव्हते.

मग पैसे येतात कोठून? जाहिरातींतून, चाहत्यांच्या मासिक वर्गणीतून आणि खेळाडूला पाठवलेल्या भेटींतून. त्यातला वाटा कंपनी कापून घेते. भेट देणाऱ्याचे नाव खेळाडू खेळता खेळता घेतो. नाटकात बक्षीस देणाऱ्याचे नाव पुकारतात, त्यातलाच हा प्रकार. नाव ऐकण्यासाठी मुले पैसे पाठवतात, हे मात्र मला खटकते.

मुंबईची लोको २०१८ मध्ये प्रश्नमंजुषा म्हणून निघाली व पुढे या धंद्याकडे वळली. खेळाडूचे पोट मात्र दुसऱ्याच्या खेळावर अवलंबून. जुलै २०२२ मध्ये सरकारने बीजीएमआय हा लोकप्रिय खेळ रोखला. तो मे २०२३ मध्ये परतला. मधले दहा महिने केवळ तोच दाखवणाऱ्यांनी काय करावे?

घरी एक प्रयोग करा. दोन मोबाईलवर एकच थेट प्रक्षेपण लावा. बहुधा एक दुसऱ्याच्या सेकंद-दोन सेकंद मागे असेल. अंतरामुळे नव्हे, काचतंतूतून मुंबईपासूनचे ४०० किलोमीटर प्रकाश सेकंदाच्या पाचशेाव्या भागात येतो. प्रवाह दोन, आणि प्रत्येक मोबाईल आपापला साठा करून मगच चित्र दाखवतो. एकाच केंद्रावर लावलेले दोन साधे रेडिओ मात्र एकदमच बोलतील.