पेट्रोल महागलं, तर किती कमी खपेल?

समजा, अर्जुनी मोरगावच्या पंपावर पेट्रोल 100 रुपये लिटरवरून 110 रुपये झालं. दर 10 टक्के वाढला. मग खपही 10 टक्के घटेल?

नाही घटणार! बाबांना गाडीवर नवेगावबांधला कामाला जायचंच आहे. फार तर एखादी चक्कर टळेल. पण दर चढेच राहिले, तर पुढची गाडी घेताना बाबा आधी विचारतील, "ॲव्हरेज किती देते?" गोंदियाला जायला कुणी रेल्वे धरेल. अशा बदलांना मात्र वर्षं लागतात.

दराने मागणी किती हलते, याला म्हणतात मागणीची लवचिकता. ही कल्पना आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 साली आपल्या ग्रंथात मांडली. पेट्रोलवर देशोदेशी झालेले अभ्यास मॉली एस्पी या संशोधिकेने 1998 मध्ये एकत्र तपासले. दर 10 टक्के वाढला, तर लगेचची घट सरासरी अडीच टक्क्यांच्या आसपास निघाली. पुरेसा काळ गेल्यावर मात्र जवळजवळ सहा टक्के!

आता खरी मजा ऐका. हे मोजायचं कसं? एका गावात मुद्दाम दर वाढवून बघता येत नाही. शिवाय धान विकून हातात पैसा आला की महाग पेट्रोलही जास्त खपतं. मग घट दराची किती, वाढ पैशाची किती? म्हणून अनेक देशांचे, अनेक वर्षांचे दर, खप आणि उत्पन्न शेजारी मांडून गणिताने दोन्ही परिणाम वेगळे काढतात. सारं जगच प्रयोगशाळा!

तिथेही चकवे आहेतच. लक्झेंबर्ग हा चिमुकला देश. तिथं कर कमी, इंधन स्वस्त, म्हणून शेजारच्या देशांतले लोक येऊन टाक्या भरतात. नुसती विक्री पाहिली, तर वाटेल तिथला माणूस केवढं पेट्रोल जाळतो! आपल्याकडेही पेट्रोलवरचा कर राज्यागणिक वेगळा आणि गोंदिया जिल्ह्याला तर मध्य प्रदेश, छत्तीसगड दोन्ही लागून. तेव्हा आपल्या जिल्ह्याचा खप मोजणाऱ्याने सीमेपलीकडचे दरही बघायलाच हवेत.

तुम्हीही मोजा. दर महिन्याला वहीत पेट्रोलचा दर आणि घरी भरलेले लिटर लिहा. लग्नसराई, धानकापणी, पाहुणे यांचीही नोंद ठेवा. वर्षाने आलेख काढून शिक्षकांना दाखवा.