रंगातील शिसे व विक्रेत्याची जबाबदारी
शिशाचा नियम हा रंगाच्या कारखानदाराने पाहावा, असे आपल्या पुष्कळ व्यापारी बंधूंना वाटते. वस्तुतः १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आलेले केंद्र सरकारचे नियम आयात व विक्री करणाऱ्यांनाही बांधतात. घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लक्ष भागांमागे शिसे ९० भागांहून अधिक नसावे; तसा उल्लेख डब्यावर हवा. पिवळ्या-नारिंगी रंगांस झळाळी आणणारे लेड क्रोमेट हे शिशाचे एक मोठे मूळ. (त्या झळाळीवर भुलणारे गिऱ्हाईक कोणास ठाऊक नाही?) पापुद्रे सुटले की ती धूळ रांगत्या मुलाच्या हातावरून तोंडात जाते व मेंदूच्या वाढीस अपाय करते. कारखान्यांतील यंत्रांसाठीचे रंग या नियमांत येत नाहीत. असा डबा घराच्या खिडक्यांसाठी मागितला तरी देऊ नये. माल भरताना तपासणीचा दाखला मागावा, आणि उल्लेख नसलेला डबा, सूट कितीही मिळो, परत पाठवावा.