तारखा वाचणारे हात

वाफेच्या पंपांनी सरोवर उपसून १८५२ मध्ये कोरड्या केलेल्या तळजमिनीवर नेदरलँड्समधील नीउ-व्हेनेप हे गाव वसले आहे. ते ज्या हार्लेममेर पालिकेत येते तिथे फूडबँक चालते. विक्रीतून उरलेला पण खाण्याजोगा माल दुकाने व उत्पादकांकडून गोळा करून गरजू कुटुंबांना देणारी ही व्यवस्था त्या देशात २००२ मध्ये रॉटरडॅमला सुरू झाली आणि तिचा बहुतेक भार स्वयंसेवकांवर आहे. त्यांत आश्रय मिळालेले निर्वासित, दीर्घकाळ बेरोजगार असलेले, आणि काही ठिकाणी स्वतः ही मदत घेणारेही असतात.

अशा केंद्रातले खरे कसबाचे काम निवडीच्या टेबलावर होते. तिथे प्रत्येक वस्तू हातात घेऊन तारीख वाचावी लागते, आणि तारखा दोन प्रकारच्या असतात: पहिली केवळ दर्जाची, जी उलटली तरी कोरड्या शेवया किंवा डबाबंद घेवडा ठरलेल्या मुदतीपर्यंत वाटता येतो, दुसरी सुरक्षिततेची, जी उलटलेला ताजा खिमा मुकाट्याने बाजूला काढावा लागतो. फुगलेला डबा किंवा सुटलेले वेष्टन मात्र तारखेवरून कळत नाही, ते डोळ्यांनी आणि बोटांनी हेरावे लागते. डच भाषा जेमतेम येणाऱ्यालाही हे जमते, आणि शंका आली की शेजारच्याला विचारावेच लागत असल्याने भाषाही अंगवळणी पडत जाते.

२०१५ मध्ये लागू झालेल्या डच सहभाग कायद्याने निर्वाहभत्ता घेणाऱ्यांकडून समाजोपयोगी बिनपगारी कामाची परतफेड मागण्याची मुभा पालिकांना दिली. पण भत्ता कापला जाईल या धाकाने टेबलाशी उभा राहिलेला माणूस तिथेही देणेकरीच राहतो. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात याच्या नेमके उलटे घडले: कुष्ठरोगामुळे ज्यांना समाजाने वेशीबाहेर काढले, त्यांच्याच श्रमांतून उभ्या राहिलेल्या महाविद्यालयात १९६४ पासून आसपासच्या गावांतली मुले शिकू लागली. तिथे घेणारा आणि देणारा यांच्या जागा खरोखरच बदलल्या.

फूडबँकेच्या टेबलावर हा बदल घडायचा तर तिथे काम करणाऱ्या निर्वासिताला किंवा मदत घेणाऱ्या बाईला बसभाडे वेळेवर मिळाले पाहिजे, सुरुवातीला सोबतीला एकच ठरलेला सहकारी हवा, आणि काही काळाने नव्याने येणाऱ्यांना तारखांचा फरक शिकवण्याचे काम त्याच्याकडेच किंवा तिच्याकडेच सोपवले गेले पाहिजे.